माझ्या मानेचा आकडा

९ जाने., उमरगा
मानेची कॉलर अजून आहेच. येरमाळ्याहून देवीचं दर्शन घेऊन सासरी परत येत होतो. गतिरोधकाशी नवऱ्यानं, संतोषनं, गाडी हळू केली आणि मागून पिकअपनं ठोकलं. लई जोरात नाही. बंपर चेपला, बस. मी तेव्हा मागं वळून लेकीशी, चिऊशी बोलत होते. तिला, सासूबाईंना म्हणजे आत्याबाईंना खरचटलंसुद्धा नाही. संतोष तर उतरून पिकअपवाल्याशी भांडून आला. दुसऱ्या सकाळी मला उशीवरनं डोकं उचलेना.
एक्स-रे काढला. हाडं शाबूत. आराम करा म्हणाले. किती दिवस ते विचारलं तर, बघू.

११ जाने.
पुण्याच्या लॅबमध्ये माझं कामच हे. मागून धडक बसली तर मानेवर किती ताण येतो ते डमीवर, माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर मोजायचं. रुळांवरच्या गाड्यावर सीट बसवायची, डमीला पट्टा लावायचा, झटका द्यायचा. त्याच्या मानेत सेन्सर असतात, सगळं आलेखावर उमटतं. आकड्यावरनं सीट पास की नापास.
माझ्या मानेचा आकडा कुठं आहे?
संतोष म्हणाला, मीही त्याच गाडीत होतो, मला कसं काही झालं नाही. त्याला सांगितलं, आमचा डमी पुरुषी बांध्याचा, जवळजवळ तुझ्याच मापाचा, सीटही त्याच्याच मानेवर पास होते. त्याला टोमणा वाटला. मी वळून बसले होते, हेही खरं. कशामुळं किती झालं, मलाही सांगता येत नाही.

१४, संक्रांत
बायका वाणाला आल्या. कुणी हाक मारली की अख्खं अंग वळवायचं. शेजारच्या काकूंनी विचारलं, नोकरी सोडली का. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई बोलल्या, "आता हितंच ऱ्हाणार हाय ती." मग हळदीकुंकू पुढं सुरू.
सासू म्हणून वाईट नाहीत. रोज शेक देतात, केस विंचरून देतात. पण फोटूत काय न्हाय निघालं, हेही येईल त्याला सांगतात.

१७ जाने.
लॅबचे देशमुख सर फोनवर. बाईच्या बांध्याचा डमी थोड्या दिवसांसाठी मिळतोय! किती मागं लागले होते मी. नियमात नाही म्हणून प्रत्येक कंपनी टाळायची. आता एक कंपनी तयार झालीय. चाचणी सोमवारी. पद्धत मी लिहिलेली, जुळणी मलाच येते.
"तू नसलीस तर नेहमीचाच बसवतील," सर म्हणाले. "आणि हा परत जाईल."
संतोषला सांगितलं.  तो म्हणाला, पुण्यापर्यंत बसवेल का तुला?
माहीत नाही.

१८ जाने.
संतोष कॉलेजात शिकवायला गेल्यावर अंगणातल्या गाडीत जाऊन बसले. हेडरेस्ट वर ओढून डोक्याच्या बरोबरीला आणलं. हायवेवर ट्रकनं हॉर्न दिला आणि मी सीटची कड धरून बसले. दाराला कुलूप नव्हतं. तरी उघडता येईना.
सासरे ओट्यावर होते. येऊन दार उघडलं. "घाई कशापायी करती, पोरी? मान हाय ती."
संध्याकाळी कॉलर सैल करत होते. चिऊनं दोन्ही हातांनी धरली. माझी नोकरी तिकडं म्हणून ती इथं आजीपाशी, सुट्टीपुरती आई.
"मम्मी, काढू नको. काढली की तू जाशील."
परत घट्ट केली.

शनिवार
डॉक्टर म्हणतात प्रवास नको, पण तुमच्या मर्जीनं जात असाल तर...
संतोष म्हणतो, मी नेऊन सोडतो, पण आल्यावर नीट बोलायचं. म्हणजे नोकरीचं. आत्याबाई सकाळपासून बोललेल्या नाहीत. शेक मात्र दिला.
आत्ता सरांचा फोन येऊन गेला. डमीची पेटी आली, उघडायला थांबलेत. "येतेस ना?"
चिऊ मांडीवर, माझ्या तोंडाकडं बघत. हो म्हणायला मान हलवली. कॉलरनं हनुवटी अडवली.
"हॅलो? ऐकू येतंय का?"
येत होतं.