नळीच्या आट्यांतला वास

आई, तुझ्या शेगडीखालचं लोखंडी स्टँड, आपल्या जिन्याचा कठडा, चाकणच्या शेडचं दार आणि आता ही स्टीलची पोकळ नळी, एवढं मी स्वतःच्या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. नळी कमरेइतकी जमिनीत ठोकायची आणि वरून सिरिंजने मातीतली हवा ओढायची. खोल कुठे तांब्याचं खनिज गंजत असेल, तर त्याचे गंधकाचे वायू भेगांतून वर येतात. न खणता कळतं.

मागच्या आठवड्यात साइटवरून मॅडमचा फोन. वाकडची पोरगी, भूगर्भशास्त्र शिकलेली. "काका, भारी नळ्या! प्रत्येक भोकात गंधक लागतंय." "प्रत्येक?" "हो ना, जिथे काहीच नसणार म्हणून मुद्दाम घेतलं, तिथेपण!" ती हसत होती, मी फोन ठेवून उठलो. शेडमध्ये एक जादा नळी होती. तिची दोन्ही तोंडं बंद करून ती उन्हात पत्र्यावर ठेवली आणि दुपारी बूच काढून नाक लावलं.

आणि त्या वासासरशी मी कित्येक वर्षं मागे, काळेवाडीच्या आपल्या स्वयंपाकघरात उभा आहे. तू पातेलंभर दूध मोरीत ओततेस. पातेलं मीच घासलेलं, लेथवरच्या तेलकट हातांनी. "चकचकीत आहे की गं!" "चकचकीत काय चाटायचंय? वास बघ." त्या दिवशी कोरा चहा पिऊन, रुसून कामावर गेलो होतो.

तोच वास. नळीच्या तोंडाला जोडासाठी आटे पाडताना जे तेल लागतं, त्यात गंधक असतं. नळ्या मी पुसल्या, धुतल्या नाहीत. पोरीच्या यंत्रात जमिनीतलं नाही, माझ्या तेलातलं गंधक दिसत होतं.

नळ्यांची ऑर्डर देणाऱ्या ठेकेदाराला शेडवर बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "राव, सोमवारी अहवाल जातोय, खाणीत पैसे लावणारे टपून बसलेत. स्वतःच्याच धंद्यावर कशाला धोंडा घालताय?" खोटं नव्हतं ते. हे कळल्यावर माझी नळी कोण घेणार? तरी त्याच्यासमोरच फोन लावला. "मॅडम, ते आकडे टाकून द्या. चूक माझ्या तेलाची." मग, "काका, मी वर कळवलंय हो." "मग परत कळवा."

ती अजून बोललेली नाही माझ्याशी. नवी ऑर्डरही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून हेही लिहितो. फोन लावायच्या आधी ठेकेदाराने सौदा सांगितला होता: सोमवारपर्यंत गप्प बसायचं, मग साठ नळ्यांचं काम, निम्मे पैसे आगाऊ. मी नाही म्हटलं. पण त्याआधी रक्कम त्याला पुन्हा एकदा बोलायला लावली. एकूण अठरा लाख.