सैल सोडलेली जीप

नाना,

आज आईंना जीपमधून डोंगरावर नेलं. तुम्ही असताना ज्यांनी त्या जीपला कधी हात लावला नाही, त्याच आज सकाळी चहा पिताना म्हणाल्या, मलापण ने एकदा, काय बघायला जायचा हा माणूस ते मला बघू दे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरात तुमचा विषय रडू न येता निघतो. मी किल्ली घेतली. दुपारी परत आलो. आई जेवून आडव्या झाल्या आहेत, पंख्याचा तेवढा आवाज आहे, आणि मी पुढच्या खोलीत तुमच्याशी बोलायला बसले आहे.

लग्न होऊन पेणहून रोह्याला आले तेव्हा तुमच्या घरात मी पाहुणीसारखीच होते. तुमचा मुलगा महिनोन्महिने जहाजावर, मी शाळेत, आई त्यांच्या कामात. आणि तुम्ही कंपनीतून नुकतेच रिटायर झालेले. शिफ्ट नसलेल्या सकाळचं काय करायचं हे तुम्हाला कळत नसे. अंगणात उभे राहून तुम्ही भोंग्याची वाट बघितल्यासारखे दिसायचे. मग एक दिवस तुम्ही ती जुनी जीप दारात आणून उभी केलीत. आई बरेच दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. भाजी वाढायच्या, पण माझ्याकडे बघून.

मला आठवतं ते स्वयंपाकघर. मी भाकऱ्या थापते आहे, आणि तुम्ही दारात उभे आहात, मोबाइल हाताच्या लांबीइतका दूर धरून. व्हिडिओत कुठल्या तरी तांबड्या खडकांच्या मुलखात एक दाढीवाला माणूस गाडीखाली झोपून इंग्रजीत बोलतोय. "हा काय बोलतो ते सांग गो," तुम्ही म्हणालात. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण तुम्ही मला आपणहून काही विचारलंत ते पहिल्यांदाच. पिठाच्या हातांनीच मी ऐकत गेले आणि सांगत गेले. गाडीच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, त्याला स्वे बार म्हणतात. एक चाक उचललं की तो दुसऱ्यालाही बरोबर ओढतो, म्हणून रस्त्यावरच्या वळणाला गाडी कलत नाही. पण दगडधोंड्यांत तोच आड येतो. तिथे तो सोडवून ठेवायचा, मग एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं खुशाल खड्ड्यात उतरतं आणि चारही चाकं जमीन धरून राहतात. तुम्ही ते मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलंत. "म्हणजे डोंगरात सोडायचा, रस्त्याला परत बांधायचा. एवढंच ना?" तव्यावरची भाकरी करपली होती. ती तुम्ही घेतलीत, दुधात कुस्करून खाल्लीत.

पहिल्यांदा आपण तो दांडा सोडवला आणि बांधून ठेवायलाच विसरलो. डोंगर चढेपर्यंत तो खालून बडवत होता आणि तुम्ही दर वेळी म्हणत होता, काय नाय, काय नाय. मग सुतळी आली. मग गाडीखाली अंथरायला आईंची जुनी सतरंजी, जी त्यांना न विचारता घेतली होती. सोडवायला एक माणूस पुरतो, पण परत जोडायला दोन लागतात, हे आपल्याला करता करता कळलं. जागा जरा तिरकी असली तरी दांड्याचं भोक आणि चाकाकडच्या जोडपट्टीचं, म्हणजे लिंकचं, भोक एकमेकांसमोर येत नाही. एकाने मडगार्डवर भार टाकून गाडी हळूहळू दाबायची, आणि ती दोन भोकं समोरासमोर आली की दुसऱ्याने खालून बोल्ट सरकवायचा. असं मी तुमच्याबरोबर जाऊ लागले. एकदा बोल्ट बसेना म्हणून मी हातोडीने ठोकायला लागले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. "ठोकू नको. थांब जरा, गाडी आपसूक जागेवर येते." आवाज चढला नव्हता, पण मला ते लागलं. तुम्हाला ते कळलं असणार, कारण पुढच्या रविवारी तुम्ही माझ्या हातात दोन पिना ठेवल्यात, टोकाला कडी असलेल्या, ओळखीच्या लेथवर स्वतः उभं राहून करून घेतलेल्या. नट पिळून माझी मनगटं दुखतात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता पाना नको, हाताने ओढली की सुटते, तुम्ही म्हणालात आणि लगेच दुसरीकडे बघायला लागलात.

गागोदे गावाच्या अंगाने डोंगरावर जाणारी ती वाट मला अजून झोपेत दिसते. दांडा सोडवला की जीप वेगळीच होते. चाकं खालच्या खालीच वर-खाली होत राहतात आणि आपण वर बसलेलो असतो तसेच, जरा डुलत. हिवाळ्यात सकाळी धुकं असायचं, कारवीचे वाळलेले दांडे दोन्हीकडून जीपला घासायचे, आणि तुम्ही पहिल्या गिअरमध्ये इतकं सावकाश चढवायचे की पुढून चालणारी गुरं वळूनही बघत नसत. माथ्यावर इंजिन बंद करून तुम्ही पश्चिमेकडे बघत बसायचे. खाली पेण, त्यापलीकडे वडखळची धुरकट बाजू, आणि त्याच्याही पलीकडे खाडीचं पाणी, कधी रुपेरी, कधी नुसतंच पांढरं. तिथे तुमच्या वडिलांची मिठागरं होती. बांध फुटून खारं पाणी शिरलं आणि परत गेलंच नाही, एवढं तुम्ही एकदा सांगितलं होतंत. बाकी काही बोलायचे नाहीत. तुमच्या घरात मला पहिल्यांदा मोकळं वाटलं ते त्या माथ्यावर.

आणि मग तो दिवस. माथ्यावर बसलेले असतानाच तुम्ही छातीवर हात ठेवलात. पित्त झालंय म्हणालात. पण शर्ट घामाने भिजला होता आणि वारा तर थंड होता. मी तुमच्या बाजूला आले, तुम्हाला सरकायला सांगितलं आणि स्टिअरिंग हातात घेतलं. तोवर त्या वाटेवरून मी एकटीने कधी जीप उतरवली नव्हती. दगड कुठे होता, खड्डा कुठे होता, आज काही आठवत नाही, पाय आपसूक चालत होते. डांबरी रस्ता आला तशी सवयीने थांबले, पिना घेऊन खाली शिरले. दांडा न जोडता रस्त्याला लागायचं नाही, हा तुमचाच नियम. भोक बोटभर बाजूला होतं. मडगार्ड दाबायला कुणी नव्हतं. वर दार उघडल्याचा आवाज आला आणि तुमची चप्पल खाली येताना दिसली. तुम्ही गाडी दाबायला उतरत होता.

"बसा," मी गाडीखालूनच म्हटलं. "उतरायचं नाही."

तुम्हाला मी असं कधी बोलले नव्हते. चप्पल थांबली, आणि वर गेली. मी दांडा सुतळीने वर बांधला, तसाच, सैल, आणि गाडी पेणच्या रस्त्याला घातली.

खिंडीतल्या पहिल्याच वळणाला जीप अशी कलली की मला वाटलं झालं. तुम्ही डोळे मिटले होते. म्हणालात, वळणात ब्रेक नको, आधीच हळू कर. मी हळू केलं. मागून गाड्या हॉर्न देत होत्या, मी त्यांना जाऊ देत होते. जीप डावीकडे कलायची, सावकाश उभी राहायची, मग उजवीकडे. आणि तुम्ही बोलायला लागलात. "बापाच्या होरीत असंच व्हायचं." मिठाच्या गोणी भरलेली होडी, त्यांच्यावर उताणे पडलेले तुम्ही, वर आभाळ एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. तुमचे वडील मागे उभे राहून वल्हवताहेत आणि ओठ खारट झाले आहेत. मी मधूनमधून विचारत राहिले, मग काय व्हायचं, मग कुठे लागायची होडी. तुमचा आवाज थांबू नये एवढंच मला हवं होतं. तुम्ही सांगत राहिलात. भरती, चिखल, बांधावर उभी राहिलेली तुमची आई, तिचं लुगडं. मी तुमच्या आईला पाहिलं नाही, पण त्या रस्त्यावर पाहिलं.

वेळेवर आणलंत, असं पेणच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. घरी आल्यावर आईंनी माझ्या ताटात आधी वाढलं. पुढे डोंगर बंद झाला. उरलेली वर्षं आपण खाडीच्या बांधावर जात होतो, सपाट रस्त्याने, दांडा जोडलेला. एका दुपारी तुम्ही झोपलात ते उठलाच नाहीत. त्यानंतर डोंगरावर मी एकटीच जाते. परत जोडताना गुराख्याला हाक मारते, नाहीतर मडगार्डवर दगड रचते.

आज गुराखी नव्हता. आई माथ्यावर बराच वेळ खाडीकडे बघत बसल्या होत्या, आणि उतरून आल्यावर रस्त्याकडेला उभ्या राहिल्या. मी खालून म्हटलं, आई, जरा इथे भार टाका. काय मोडणार नाय ना, त्यांनी विचारलं. मग पदर खोचला आणि दोन्ही हात मडगार्डवर ठेवून अशा दाबायला लागल्या की पहिल्याच खेपेला पीन आत गेली. मी बाहेर आले तरी त्या दाबतच होत्या. म्हणाल्या, "एवढंच करायचा होय? मला सांगितला असता तर मीपण आली असती." मग गाडीत बसून घर येईपर्यंत डोळे पुसत होत्या. मी विचारलं तर धूळ गेली म्हणाल्या.

आत्ता त्या मध्येच उठल्या आणि विचारून गेल्या, काय लिहितेस एवढं. मी शाळेचं काम आहे असं सांगितलं. हे कागद तुम्हाला पोचणार नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. त्या दिवशी खिंडीत मी घाबरले होते, पेण लवकर यावं म्हणून मनात धावा करत होते. पण एका वळणावर, तुम्ही तुमच्या आईचं सांगत होता तेव्हा, हा रस्ता संपूच नये असं मला वाटलं होतं.