राखणदाराच्या ओळीसमोर

३ तारीख, सोमवार
खुर्ची डुगडुगती, पंखा फक्त साहेबांच्या डोक्यावर, आणि वर म्हणे रोज काय काम केलं ते वहीत लिहा. सातवी नापास बाईने लिहायचं, पदवीवाल्यांनी महिनाअखेर वाचायचं! असो. खोकी चिकटवण्यापेक्षा हे बरं. आजाऱ्याला घरी श्वास देणारी छोटी यंत्रं इथे बनतात. आत चिप, चिपमध्ये कर्नल, म्हणजे यंत्राचा गाभा, असं मास्तर म्हणाले. (मास्तर म्हणजे इंजिनियर, सगळे तसंच म्हणतात.) चिप एवढीशी, म्हणून नको ते सगळं गाभ्यातून वगळायचं. पडद्यावर लांबलचक यादी. छापील कागदाशी अक्षरं जुळवायची, हवं तिथे वाय, नको तिथे एन. धान्य निवडण्यासारखंच. मी खूश.

६ तारीख, गुरुवार
चिप बसवलेला बोर्ड चाचणीला लावला की मिनिटाभरात आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. पाच वेळा! मास्तरांवर खेकसले. ते हसले. म्हणाले, गाभ्यात वॉचडॉग असतो, राखणदार. यंत्राने सारखं त्याला 'जागं आहे' असं कळवायचं. नाही कळवलं तर अडकलं समजून तो त्याला पुन्हा चालू करतो. चाचणीत कळवणारं कोणी नसतं, म्हणून हा गोंधळ. तेवढ्यापुरतं एन करा, पाठवण्याआधी आठवणीने वाय. मी म्हटलं, घरी नवऱ्याला रोज हलवून उठवते, एवढं ध्यानात ठेवीन.

११ तारीख, मंगळवार
चाळीस यंत्रं गेली. त्यातलं एक अक्कासाठी मागून घेतलं. माझी थोरली बहीण. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं. फुप्फुसं पार थकलीत. मास्क लावून दुपारी गाढ झोपली. उठल्यावर म्हणाली, तुझ्या हाताला यश आहे गं.

१२ तारीख, बुधवार
कागदावर बोट ठेवून जुळवत होते. राखणदाराच्या ओळीवर बोट थांबलं. माझ्या फाइलीत अजून एन. चाचणीचीच फाइल मास्तरांना दिली होती मी. चाळीसच्या चाळीस.
बोलले नाही. नवी नोकरी. आणि यंत्र काय लगेच अडकतंय थोडंच.

१४ तारीख, शुक्रवार
एक परत आलं. एका म्हाताऱ्याची लेक घेऊन आली. सांगत होती, दिवा हिरवा होता हो, म्हणून तर मी दोन घटका बाहेर गेले. बाबा गेले. मास्तरांनी 'विजेचा दोष' लिहिलं. मी तिला पाणी दिलं. नुसतं पाणी.

१५ तारीख, शनिवार
ते यंत्र माझ्या टेबलावर ठेवलंय. वायर काढली. बॅटरी काढली. दिवा हिरवाच. मग त्याने श्वास घेतला. आत.
सोडला नाही.

१७ तारीख, सोमवार
वाय केलं. फाइल साठवली. उघडली, तर एन. चार वेळा. मास्तरांना बोलावलं, त्यांना वाय दिसतं. म्हणाले, बाई, चष्मा बदला. तेव्हाच सांगायचं होतं. मी चष्मा पुसत बसले. टेबलावरचं अजून आत ओढतंय. आतच.

१८ तारीख, मंगळवार
कामावर गेले नाही. अक्कापाशी आहे. मास्क काढला की ती निळी पडते. डॉक्टरही म्हणाले काढू नका. आणि यंत्राचा श्वास लांबत चाललाय — दर मिनिटाला तिला हलवते. अक्का, जागी आहेस ना? आहे गं बये, म्हणते, आता मला झोपू दे की.

१९ तारीख, बुधवार
मास्तर, ही वही शेजारीण आणून देईल. महिनाअखेरची वाट बघू नका. विजेचा दोष नव्हता. एन मी केलं. त्या लेकीला सांगा — मी केलं. अडतीस घरं बाकी आहेत, आणि अक्का. सगळी परत मागवा, राखणदार घाला. शुक्रवारपर्यंत मला उत्तर हवं. हो की नाही. तोवर मी जागी —

अक्काला विचारलं.

दिवा हिरवा आहे.

पुन्हा विचार—