निळ्या पट्ट्यांच्या मासोळ्यांची वहिवाट

मी, शकुन जौजे सहदेव वल्द जानराव, वय वर्षे बावीस, राहणार तेल्हारा, अंगात ताप असला तरी डोके ठिकाणावर आहे हे जाणून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने आणि आपल्या हाताने हा कागद लिहिते. नवऱ्याचे नाव मी आज पहिल्यांदा घेतले. सासूबाईंनी रागावू नये. नावाशिवाय कागद कोणाला ओळखत नाही, असे गावच्या शाळेत शिकवणारे सूर्यभानजी म्हणाले. यापुढे मी 'ते' लिहीन, तेव्हा माझा नवरा समजावा.

घर, शेत आणि कापूस यांवर माझा हक्क नाही. माहेरून आणलेले आणि स्वतः वाढवलेले तेवढेच माझे. वैद्यांनी होळीपर्यंतची मुदत दिली आहे, म्हणून त्याची वाटणी आताच करते.

कलम पहिले. चांदीचे तोडे सासूबाई मैनाबाई यांना. त्यांनी ते मोडू नयेत, घालावेत.

कलम दुसरे. पाटी आणि चार पुस्तके नणंद कौशल्या हिला. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी चौथ्या पुस्तकापर्यंत गेले. माझ्या माहेरात आणि या घरात लिहिणारी मी पहिली. दुसरी कौशल्या व्हावी. ती जोडाक्षरांपाशी अडली आहे. तिला हसू नये.

कलम तिसरे. तांब्याची घागर शेजारच्या पार्बताबाईंना. "मासोळ्या पोसते म्हनून हिची कूस भरत नाही," असे त्या विहिरीवर चारचौघींत म्हणाल्या होत्या. घागर घासताना माझी आठवण होईल. मला राग नाही. थोडा आहे.

कलम चौथे. काचेची हंडी आणि तिच्यातील मासोळ्या. हे कलम लांब आहे.

कापसाचा भाव चढला त्या साली बैठकीत दिव्यासाठी टांगायला ही हंडी मुंबईहून आली. वाटेत तिची साखळी तुटली. मी ती मागून घेतली आणि माहेरच्या ओढ्यातल्या सहा मासोळ्या तीत सोडल्या. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, अंगावर निळे पट्टे.

सासूबाई म्हणाल्या, "यायची भाजीबी होत नाही. मंग पोसते काहून वं?"

"पाहाले."

"पाहाले? पाहाले म्हशी हायेत न घरात."

त्याचे उत्तर आता लिहिते. सकाळी पहिले ऊन काचेवर आले की नर मादीमागे धावतो. रव्याच्या कणाएवढी अंडी खाली पडतात आणि आईबापच ती खातात. म्हणून मी तळाशी बोराएवढे खडे पसरले. अंडी फटींत गेली आणि वाचली. आईबापांना मडक्यात हलवले. तिसऱ्या दिवशी काचेला पापणीच्या केसासारखे काही चिकटलेले दिसले. चौथ्या दिवशी ते केस पोहू लागले. कडबा कुजवलेले पाणी थेंब थेंब घालून मी ती पिल्ले वाढवली. आपल्या हातून जगात काही नवे आले, हे पाहण्याची ओढ ज्याला लागली नाही त्याला ती सांगून कळत नाही.

तेल्हाऱ्याचे पाणी खारे. सुरुवातीला विहिरीचे पाणी घातले तर दोन मासोळ्या एका दिवसात मेल्या. तेव्हापासून ते कापसाची गाडी अमरावतीला नेत, तेव्हा परतताना माहेरच्या ओढ्याची घागर भरून आणत. गावातले नत्थुजी भर रस्त्यात त्यांना म्हणाले होते, "सारी दुनिया कापूस नेऊन चांदी आनते, अन् तू पानी आनून राहिला?"

"चांदी पेत नाहीत न त्या," ते म्हणाले.

पण मला तेल्हाऱ्याच्या पाण्यात जगणारी मासोळी हवी होती. प्रत्येक पिढीला गोड्या पाण्यात एक वाटी खारे जास्त घालत गेले. तीन वर्षांत सात पिढ्या झाल्या आणि मी अर्ध्यावर आले. पुढे जायचा धीर झाला नाही.

या पौषात मी तापात पडून होते आणि गोडे पाणी सरले. हंडी अर्धी झालेली पाहून त्यांनी जुने पाणी काढून टाकले आणि ती विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरली. संध्याकाळी तिच्यावर फडके टाकले. म्हणाले, "थंडी हाये, झाकून ठेवली." दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून ते अमरावतीला गेले. परत आले तेव्हा हंडीत ओढ्याचे पाणी भरून फडके काढले. "पाय, साऱ्या हायेत."

मी मोजल्या. एकतीस. मेलेल्या मोजून त्यांनी तेवढ्याच आणल्या होत्या.

"हो, साऱ्या हायेत," मी म्हटले.

पण सात पिढ्या वाढवणारीला आपली मासोळी ओळखू येते. सत्तावीस नव्या होत्या. त्या दिवसापासून ते हंडीकडे पाहत नाहीत, जेवणाचे ताट उचलून ओसरीवर जातात. मी बोलले असते तर त्यांना माझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती. म्हणून इथे लिहिते.

मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि त्यांच्या ध्यानात आले नाही ते हे: माझ्या ज्या चार उरल्या, त्या का उरल्या. दोन नर, दोन माद्या. ते अमरावतीहून येईपर्यंत नऊ दिवस त्या निव्वळ खाऱ्या पाण्यात राहिल्या. मी सात पिढ्यांत अर्ध्यापर्यंत आणले. उरलेले अर्धे त्यांच्या हातून झाले.

नव्या सत्तावीस पुढच्या गाडीने ओढ्यात परत सोडाव्यात. त्यांना तिथली आठवण येत असेल. मला येते, मला नेता येणार नाही, त्यांना न्यावे.

माझ्या चार मी त्यांच्या नावे करते. शेपटी फाटलेला नर आणि बाकीच्या तीन फिक्या पट्ट्यांच्या. नवी सून येईल. तिने हंडी दिव्यासाठी मागितली तर द्यावी, मासोळ्या दगडी डोणीत ठेवाव्यात. चैत्रात अंडी होतील. खडे धुऊन ठेवले आहेत. पाणी विहिरीचेच घालावे, न भिता.

सूर्यभानजींनी हे कलम त्यांना वाचून दाखवावे. ते मध्येच उठून जातील. परत बोलावून पुढे वाचावे.

बाईने कागदावर बांगडीची निशाणी काढायची रीत आहे. मी सही केली आहे.

शकुन जौजे सहदेव

साक्षीदार:
सूर्यभान वल्द पुंजाराम, दस्तुरखुद्द
नत्थुजी वल्द भगवंतराव, निशाणी नांगर

मुक्काम तेल्हारा, माघ शुद्ध पंचमी, शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर