काटा चाळीस घरं मागे

ती. स्व. दादास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मान्य करून घे, डॉक्टरीणबाईंनी मला वाकायला मनाई केली आहे.) तुझी तब्येत कशी आहे हे मी दरवेळी रिवाज म्हणून विचारतो, या खेपेला खरोखर विचारतोय. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

झालं असं, की मागच्या महिन्यात कारखान्याचा जिना चढताना मी मध्येच पायरीवर बसलो, तो उठवेचना. चौतीस वर्षं बॉयलरचे गेज दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्याच प्रेशरने बसला म्हणून पोरं हसली (आधी हसली, मग त्यांनीच खुर्चीत घालून खाली आणलं). दवाखान्यात छातीला तारा लावून पट्टी काढली, मग थंडगार जेल चोपडून सोनोग्राफी. रिपोर्ट मी बाईंच्या आधी वाचला, कारण दुसऱ्याने वाचलेल्या काट्यावर मी जन्मात विश्वास ठेवलेला नाही. हृदयाची भिंत जाड झाली आहे, असं लिहिलं होतं. मला बरं वाटलं. बॉयलरची भिंत जाड असली की इन्स्पेक्टर खूश होतो. खाली आकडा, अडतीस टक्के. मॅट्रिकला मला छत्तीस होते. मी हिला म्हणालो, "पास झालो."

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काका, दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, त्याचा हा आकडा. चांगल्या माणसाचा साठच्या आसपास असतो. आणि भिंत जाड झाली ती वर्षानुवर्षं प्रेशरशी झुंजून. आता ती थकली आहे. गोळ्या कधी सोडल्यात?"

सोडून दोन वर्षं झाली होती. तेव्हा दवाखान्यातलं प्रेशरचं यंत्र एकशे सत्तर दाखवायचं आणि घरचं काट्याचंही तेवढंच. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, तेव्हा दोन्ही यंत्रं खोटं बोलतायत, असं मी ठरवलं (अतिशहाणा त्याचा बैल रिकामा). घरचं उघडलं आणि काटा चाळीस घरं मागे घेतला. तेव्हापासून रोज सकाळी पट्टा बांधायचा आणि हिला ऐटीत आकडा सांगायचा. हिने दोन वर्षं विश्वास ठेवला. आता ती नुसत्या गोळ्या हातावर ठेवते. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
काटेवाला

ता. क. काळजी करण्यासारखं काही नाही.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. तुझ्या साठीला मी "मुद्दाम तपासून देतोय" म्हणत यंत्र दिलं, त्याचाही काटा मी याच हाताने लावलाय. तू प्रत्येक पत्रात एकशे अडतीस लिहितोस आणि त्या जोरावर गोळ्या सोडल्याचंही कौतुकाने लिहितोस. त्यात चाळीस मिळव. तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला. म्हणून पत्र तुझ्या धाकट्या लेकीच्या हाती देतोय. तिला सगळं सांगितलंय, गाडी खाली उभी असेल. हुज्जत घालू नकोस, चपला घाल आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

ता. क. शेवटचा. उत्तर लगेच पाठव. वहिनीच्या अक्षरात नको. तुझ्याच.