गार हातांच्या बायका

आत्याबाई, सगळ्यांच्या आधी आत आली ती आपल्या नातीची आजेसासू. विंचूरहून गाडी करून आली होती मंडळी, बाळ बघायला. नातजावई गाडी लावत होता, त्याची आई पिशव्या काढत होती, पण म्हातारी चप्पल काढता काढताच बाळंतिणीच्या खोलीत. तुमच्यासारखीच सासू, विचारून यायची सवय नाही. तुम्ही गेलात तेव्हा ही नात जन्मलीसुद्धा नव्हती, म्हणून सांगते, तुम्ही मांडीवर वाढवलात ना माझा मुलगा, त्याची ही लेक. पहिलं बाळंतपण, आपल्याच घरी. तर म्हातारीनं पोरीचा हात धरला अन् ओरडली, "अगं बाई, बर्फ हायेत का हात! दे, बाळ दे इकडं, गारठून जाईल ते." घेतलंच की उचलून! पोरगी कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघायला लागली. माझ्या कानात मात्र तुमचा आवाज वाजला.

पहाटे पाटाच्या पाण्यात मेथी-कोथिंबीर धुवायची, जुड्या बांधून पंचवटीच्या बाजारात पाठवायची, हे काम माझं. पौषातली थंडी, बोटं निळी पडलेली. मी चुलीपाशी येते, लेकरू रडतंय, मी हात पुढे करते, आणि तुम्ही म्हणता, "मढ्याचे हात आहेत हिचे. लांब हो." पाजायला तेवढं माझ्याकडे, मग परत तुमच्या मांडीवर. हात शेकून आले तरी नाही, पदरात गुंडाळून आले तरी नाही. मामंजी त्याच थंडीत शेताला पाणी भरून यायचे, त्यांचे हात ऊन. "बघ, त्यांना कसं काही होत नाही? तुझ्यातच खोट." पोरगा बोलायला लागला तो तुम्हाला आई म्हणत, आणि दिरांचं ऐकून मला वहिनी. आजही वहिनीच म्हणतो, आजोबा झाला तरी.

म्हणून काल मी उठले. म्हटलं, "विहीणबाई, तुमचा हात बघू."

"माझा कशाला?"

धरलाच. आत्याबाई, फ्रीजमधली काकडी! मग तिच्या सुनेचा धरला, माझ्या सुनेचा धरला, सगळे गारच. नातजावयाचा धरला तर शेगडी. मुलाचा धरला, तोही ऊन. द्वारका चौकातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नातीला सांगितलेलं मी मग तिथं ठणकावून सांगितलं. थंडी लागली की बाईचं अंग रक्त आत ओढून घेतं, पोटाची ऊब राखायला, म्हणून हातपाय आधी गार पडतात. पुरुषाच्या अंगावर मांस जास्त, ते ऊब करतं, त्याचे हात उशिरा गारठतात. यात खोट कसली?

"मग बाळ धरायचं कुणी?" म्हातारी फणकारली.

"गरम हातवाल्यानं. या जावईबापू, धरा. लंगोटही आता तुम्हीच बदला, आम्हा बायकांचे हात लय गार."

पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाळानं लगेच त्याचा शर्ट भिजवला. म्हातारी सोडून सगळे हसले. मग त्यानं आपण होऊन बाळ आईच्या कुशीत दिलं, त्याच गार हातांत, आणि ते गप झोपलं. परत कुणी उचललं नाही. मी दारातच बसले होते ना.

तुम्ही असायला हव्या होतात, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. माया आली म्हणून नव्हे. चारचौघांत तुमचाही हात धरून सगळ्यांना दाखवला असता. माफ केलं असं समजू नका, ते मला जमलं नाही आणि जमवायचंही नाही.

हा कागद टपालात टाकायचा नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, अन् माझं अक्षर मलाच लागत नाही. एक मात्र खरं सांगते, मुलाचा हात मी जरा जास्तच वेळ धरला. "वहिनी, कळलं नाय का अजून, गार का गरम?" म्हणाला. मी म्हटलं, नाही अजून.

मंडळी बुधवारी बारशाला येतो म्हणून गेलीत, म्हातारीसकट.