वासंतीबाईंची नजर

कडाव, १४ जानेवारी १९७५
सरांच्या मानसशास्त्राच्या प्रयोगाला इथल्या शाळेची खोली मिळाली. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कोणती ते मोठ्यानं सांगायचं. आम्ही सहा सहायक, ठरवून चुकीचं बोलणारे. सातवं माणूस गावातलं, त्याला काही ठाऊक नसतं. आज वासंतीबाई. ब्लाउज शिवतात, नजरेनंच कापड बेततात म्हणे, टेप गळ्यात नुसता शोभेला.
दोनदा बरोबर बोलल्या. मग आमची तोंडं पाहू लागल्या. शेवटी आमचंच उत्तर, अगदी हळू. त्यांच्या आधीची पाळी माझी. माझा आवाज स्थिर होता. सर खूश.
खरं काय ते गावातले सगळे झाल्यावर सांगायचं. आधी फुटलं तर निकाल वाया.

१७ जाने.
ब्लाउज टाकायला त्यांच्याकडे गेले. लग्नघरचं कापड पसरलेलं, हातात कात्री, पण कापेनात. टेप लावला, पुन्हा लावला.
"नजर गेली गं माझी. तुमच्या शाळेत कळलं. समद्यांना दिसलं, मलाच नाय."
सासू आतून, "रेघा बघाय गेली शाळंत! आता लगीनघरचं मी कापू?"
दोघी हसल्या. सांगता आलं असतं. मापं देऊन आले.

१८ जाने.
बैठकीत म्हटलं, वासंतीबाईंना तरी आत्ता सांगू या. सर म्हणाले, "एकीला म्हणजे गावाला." मग एकेकाला विचारलं, थांबायचं ना? हो. हो. माझ्यापर्यंत आलं. पटलेलं नव्हतं.
हो म्हटलं. नंतर चहाही प्यायले, दोन कप.

२१ जाने.
लग्नघरचं काम वासंतीबाईंनी आपणहून परत केलं. कापड कर्जतच्या टेलरकडे गेलं. शिवणाचं मशीन झाकून ठेवलेलं. माझा ब्लाउज तसाच, न कापलेला. "तुझाबी घेऊन जा गं. नासला तर?"
नेला नाही.

२२ जाने.
सांगितलं. सरांना न विचारता, उंबऱ्यातच, एका दमात. आम्ही सगळे ठरवून खोटं बोलत होतो, तुम्ही आधी सांगितलेली रेघच बरोबर होती.
त्यांनी माझा हात धरला. "माझं मन राखाय बोलतेस ना?"
नाही हो. खरंच.
"एवढी शिकलेली मान्सं, समदी कशी खोटं बोलतील? तू एकटीच येगळं सांगतेस. आनि त्या दिवशी तुझ्याच तोंडाकडं बघून मी बोलले गं."
कार्डं सरांच्या ट्रंकेत. पट्टी लावून दाखवायचं तर किल्ली मागायला हवी, आणि कारणही सांगायला हवं. वासंतीबाई परवा नवऱ्याबरोबर पनवेलला जाणार आहेत, चष्मा करायला.